'शार्प' म्हणजे धार की टोक? रोजच्या वापरातल्या एका इंग्रजी शब्दाचे मूळ

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

'शार्प' हा शब्द खेड्यातल्या मुलाला शिकवावा लागत नाही. शाळेत येण्यापूर्वीच तो त्याच्या कानावर पडलेला असतो. दप्तरात 'शॉपनर' असतो, ग्रामसभा 'दहा शार्प'ला असल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो (ती साडेअकराला भरते, हा भाग निराळा), नव्या मोबाईलचा फोटो 'शार्प' निघतो, आणि गणितात पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या मुलाबद्दल पारावर 'पोट्टा लय शार्प हाये' असे बोलले जाते. अडचण येते ती हा ओळखीचा शब्द मराठीत आणताना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी सातवी-आठवीला इंग्रजी शिकवतो. वहीत 'शार्प नीडल'चे भाषांतर 'धारदार सुई' असे आले की लाल रेघ मारावी लागते, कारण सुईला धार नसते, टोक असते. पण ज्या तर्काने मुलाने ते लिहिले तो तर्क खोटा म्हणता येत नाही. 'शार्प नाइफ' म्हणजे धारदार चाकू, हे त्याला आपणच शिकवलेले असते.

मराठीत या एका शब्दासाठी धारदार, टोकदार, अणकुचीदार, तीक्ष्ण, तल्लख, कुशाग्र, काटेकोर असे अनेक शब्द लागतात आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून मूळ अर्थ धारेचा की टोकाचा, आणि तिथून तो हुशारीकडे, घड्याळाकडे आणि पेटीच्या सुरांकडे कसा गेला, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शब्दकोशातले अर्थ माझ्याकडे आहेत. मला त्यांच्यामागचा इतिहास हवा आहे.

तिफणवाला

सर, इतिहास मला ठाऊक नाही, पण धार आणि टोक यांतला फरक शेतकऱ्याला विचाराल तर तो हातानेच सांगेल. विळ्याला धार असते, आरीला टोक असते, आणि नांगराच्या फाळाला दोन्ही लागते: टोक जमिनीत शिरण्यासाठी आणि कड माती कापत पुढे जाण्यासाठी. वखराच्या पाशीला मात्र टोक नसते, नुसती लांब आडवी धार असते, कारण तिला जमिनीत खोल शिरायचे नसून वरच्या थराखालून सरकत तणाची मुळे कापायची असतात. ही धार विळ्याइतकी पातळ ठेवली तर आमच्या काळ्या मातीत एखादा गोटा लागताच ती मुडपते, म्हणून लोहाराकडून पास पाजवून आणताना 'फार बारीक नको' असे मुद्दाम सांगावे लागते.

त्यातही मराठीत 'धार काढणे' म्हणजे गाय-म्हैस दोहणे आणि 'धार लावणे' म्हणजे पाजवणे, हे तुमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायची गरज पडत नसेल. शहरातून आलेल्या एका पाहुण्याला मात्र 'बाबा धार काढायला गेलेत' हे ऐकून आमच्या घरी तलवार असल्याची शंका आली होती.

इंग्रजीने कापणाऱ्या कडेला आणि टोचणाऱ्या टोकाला एकच विशेषण का दिले, हा प्रश्न मात्र मलाही पडला आहे.

वर्धेचा वाचक

पैनगंगाकाठ सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: या शब्दाच्या मुळाशी कापणे आहे, टोचणे नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, हा शब्द 'स्केआर्प' असा होता. डच भाषेत तो आजही 'स्खेर्प' आणि जर्मनमध्ये 'शार्फ' आहे. या सर्वांच्या मागे भाषाशास्त्रज्ञ जो आद्य इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांची समान पूर्वज मानलेल्या भाषेतला) धातू मांडतात तो 'स्केर' असा असून त्याचा अर्थ 'कापणे' हाच आहे. टोकाचा अर्थ नंतर मिसळला, तरी तोही फार जुना आहे. जुन्या इंग्रजीतच हा शब्द पाते, टोक, तिखट-कडवट चव, कडक बोलणे आणि चलाख बुद्धी या सगळ्यांसाठी वापरलेला आढळतो. म्हणजे 'पोट्टा शार्प हाये' हा मोबाईलच्या काळातला नवा वापर नाही, हजार वर्षांचा आहे.

या धातूचे गोत फार मोठे आहे आणि त्यातले अर्धे लोक आपल्या गावात राहतात. कापडाचा कापलेला, आखूड केलेला तुकडा तो 'शर्ट'. 'शॉर्ट' म्हणजेही मुळात कापून कमी केलेला. कापून वेगळा काढलेला वाटा म्हणजे 'शेअर'. शेअर बाजाराच्या बातम्या ऐकणाऱ्यांना हे माहीत नसते की इंग्रजीत नांगराच्या फाळालाही 'शेअर' असेच म्हणतात, कारण तोही कापणारा. मेंढीची लोकर कातरणे ते 'शिअर'.

सर्वांत मजेदार आहे तो 'स्कोअर'. काठीवर खाच पाडून मोजणी ठेवण्याची पद्धत युरोपात होती, आणि त्या खाचेला जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत 'स्कोर' म्हणत. गुरे किंवा मेंढ्या मोजताना वीस झाले की एक मोठी खाच पडे, म्हणून इंग्रजीत 'स्कोअर'चा एक अर्थ 'वीस' असाही झाला. आपल्याकडेही जुनी माणसे विसाच्या हिशेबाने 'तीन विसा न् पाच' असे मोजत, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. आज क्रिकेटच्या सामन्यात जो स्कोअर विचारला जातो तो त्या काठीवरच्या खाचेचाच वंशज आहे.

आता संस्कृतकडची शाखा. 'कृत्' म्हणजे कापणे, त्यावरून 'कर्तरी', आणि 'कर्तरी'वरून आपली 'कात्री'. हा 'कृत्' त्याच 'स्केर' धातूच्या विस्तारातून आलेला मानला जातो. तेव्हा वर्गात कात्री हातात घेऊन 'ही शार्प आहे' असे म्हणालात, तर एका घराण्याच्या दोन माणसांची गाठ घालून दिल्यासारखे होईल.

भातकुली एक्सप्रेस

लेख माहितीपूर्ण आहे, पण एवढे लांब जाण्याची आवश्यकता काय? 'शार्प' हा सरळ 'सर्प' या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश दिसतो. सापाचा दात अणकुचीदार असतो, तो चपळ असतो, तो चतुरही मानला जातो. तिन्ही अर्थ जुळतात. इंग्रजीतील बरेच शब्द संस्कृतमधून गेले आहेत, हे आता सर्वमान्य आहे.

वर्धेचा वाचक

ते सर्वमान्य नाही, आणि या बाबतीत उच्चारातले साम्य फसवे आहे. 'सर्प' या शब्दाचा खरा भाऊ इंग्रजीत आहेच, पण तो 'सर्पंट'. संस्कृत 'सृप्' म्हणजे सरपटणे, लॅटिन 'सेर्पेरे' म्हणजेही सरपटणे. त्यावरून लॅटिन 'सेर्पेन्स' आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'सर्पंट'. ग्रीकमध्ये याच धातूतला आरंभीचा 'स' 'ह' झाला आणि 'हेर्पेइन' असे क्रियापद मिळाले. अंगावर सरपटत पसरणाऱ्या पुरळाला 'हर्पीस' म्हणतात ते त्यावरूनच. आणि हे शब्द संस्कृतमधून तिकडे गेलेले नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत आणि त्यांची आई आज कोणत्याही लिखाणात शिल्लक नाही.

दोन शब्द एका कुळातले आहेत की नाहीत हे कानाला काय वाटते यावरून ठरत नाही, तर ध्वनी नियमाने बदलतात का यावरून ठरते. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1822 मध्ये हा नियम सविस्तर मांडला. जिथे संस्कृत-लॅटिनमध्ये 'प', तिथे इंग्रजीत 'फ' येतो: 'पितृ' आणि 'फादर'. जिथे 'त', तिथे 'थ': 'त्रि' आणि 'थ्री'. जिथे मूळचा 'क', तिथे 'ह': लॅटिन 'कोर्नू' म्हणजे शिंग, इंग्रजी 'हॉर्न'. मात्र त्या व्यंजनाच्या आधी 'स' असेल तर बदल होत नाही. म्हणूनच संस्कृत 'स्था' आणि इंग्रजी 'स्टँड' यांतला 'ट' जागेवर राहिला.

आता हा नियम आपल्या शब्दाला लावून पाहा. 'स्केर'मध्ये 'क'च्या आधी 'स' आहे, म्हणून 'क' टिकला आणि 'स्केआर्प' झाला. पुढे इंग्रजीत 'स्क'चा उच्चार 'श' असा मऊ झाला, म्हणून आज आपण 'शार्प', 'शॉर्ट', 'शर्ट' म्हणतो. स्कँडिनेव्हियातून नवव्या शतकात येऊन पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या भाषेत मात्र 'स्क' तसाच राहिला होता, आणि त्यांच्याकडून इंग्रजीने 'स्कोअर' आणि 'स्कर्ट' हे शब्द घेतले. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' हा मुळात एकच शब्द आहे. एक घरचा, दुसरा पाहुण्यांनी आणलेला.

जिथे आरंभीचा 'स' नव्हता तिथे काय झाले, त्याचे उदाहरण दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या वावरात उभे असते. 'हार्वेस्टर' या यंत्राच्या नावातला 'हार्वेस्ट' हा शब्द 'केर्प' म्हणजे खुडणे, कापून गोळा करणे या धातूवरून आला, आणि तो 'स्केर'चाच विस्तार मानतात. इथे 'क'चा नियमाप्रमाणे 'ह' झाला. संस्कृत 'कृपाण' हा शब्दही याच 'केर्प'शी जोडला जातो. जुन्या इंग्रजीत 'हार्वेस्ट' हे कापणीच्या ऋतूचे, म्हणजे शरदाचे नाव होते. 'ऑटम' हा शब्द नंतर त्या जागी बसला.

भातकुली एक्सप्रेस

नियमाचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी एक शंका राहते. 'सुरी' आणि 'छुरी' हे आपले शब्द या कुळात का घेतले नाहीत? तेही कापणारेच.

वर्धेचा वाचक

कारण त्यांचे मूळ निराळे आहे. ते संस्कृत 'क्षुर' म्हणजे वस्तरा या शब्दावरून आले, आणि 'क्षुर'चा सख्खा भाऊ ग्रीक 'क्षुरोन' हा आहे, अर्थही वस्तराच. कापणे ही क्रिया माणसाला इतकी जुनी आहे की तिच्यासाठी एकापेक्षा अधिक धातू असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

ऐरण

आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम होते आणि अजूनही मृगाच्या आधी दाराशी पाशी, विळे आणि कुऱ्हाडी यांचा ढीग पडतो, म्हणून या चर्चेत थोडी भर घालतो. धार म्हणजे केवळ पातळ कड, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात पातळ कड कानशीने कोणीही काढील. ती टिकवणे हे काम आहे. पोलाद भट्टीत लाल करून पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण त्याच वेळी ठिसूळही होते, आणि तशाच विळ्याने तुराटी तोडली तर धारेचे तुकडे उडतात. म्हणून पाणी दिल्यानंतर घासून उजळ केलेल्या पात्याला पुन्हा हलकी आच देतात. तेव्हा त्यावर रंग चढू लागतो: आधी गव्हाच्या काडासारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळ्यासाठी पिवळसर रंगावर थांबायचे असते. कुऱ्हाडीला मार सोसायचा असतो, म्हणून तिला जांभळ्याकडे झुकू द्यावे लागते. हा रंग म्हणजे पोलादावर चढणारा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असून तापमान वाढेल तसा तो जाड होतो आणि रंग बदलतो. माझ्या वडिलांना ऑक्साइड ठाऊक नव्हता, पण दुपारच्या उन्हात हा रंग नीट दिसत नाही म्हणून ते पाणी देण्याचे काम सावलीत आणि शक्यतो सकाळीच करीत.

सांगायचे ते हे की आमच्याकडे कोणी 'शार्प करून द्या' म्हणत नाही. 'पाजवून द्या', 'पाणी द्या', 'टोक काढून द्या', 'कड बसवून द्या' अशी चार वेगळी कामे चार वेगळ्या शब्दांनी सांगितली जातात, आणि त्यांची मजुरीही वेगळी असते. इंग्रजीचा एक शब्द इथे आणला तर भाव कसा ठरवावा?

पैनगंगाकाठ

ऐरण भाऊ, हा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

वर्धेचा वाचक यांनी पहिला प्रश्न निकालात काढला. दुसरा अजून उभा आहे. बुद्धीला 'शार्प' म्हणणे समजते, आपणही 'कुशाग्र' म्हणतो, म्हणजे कुश नावाच्या गवताच्या अग्रासारखी. पण मग इंग्रजीत 'शार्प प्रॅक्टिस' म्हणजे लबाडीचा व्यवहार आणि पत्त्यांच्या डावात फसवणारा तो 'शार्पर', हे कसे? आणि घड्याळाच्या ठोक्याचा धारेशी काय संबंध?

वर्धेचा वाचक

लबाडीचा अर्थ सतराव्या शतकात रूढ झालेला दिसतो आणि तो समजायला अवघड नाही. हुशारी दुसऱ्याच्या खिशापर्यंत पोचली की तिचे नाव बदलते. मराठीतही 'चलाख' हा शब्द शाळेत कौतुकाचा असतो आणि बाजारात सावधगिरीचा. अडत्याला कोणी 'मोठा शार्प माणूस आहे' म्हणाले तर ती स्तुती आहे की सूचना, हे म्हणणाऱ्याचा चेहरा पाहून ठरवावे.

घड्याळाचा अर्थ त्यामानाने उशिराचा, एकोणिसाव्या शतकातला आहे. धारेला जाडी नसते, ती एक रेघ असते. 'दहा शार्प' म्हणजे दहाच्या आजूबाजूचा पट्टा नव्हे, ती रेघ. फोटो 'शार्प' असणे हेही तेच: दोन रंगांमधली सीमा धूसर न राहता रेघेसारखी दिसणे. 'शार्प' वळणाबाबत फलकावर आपण 'तीव्र वळण' असे लिहितो ते योग्यच आहे.

पेटीवाला

सुरांचा भाग मी सांगतो, कारण आमच्या भजनी मंडळात खंजिरीच्या जोडीला पेटी माझ्याकडे असते. पाश्चात्त्य संगीतात एखादा स्वर अर्ध्या पायरीने वर चढवला की त्याला 'शार्प' म्हणतात आणि खाली उतरवला की 'फ्लॅट'. हा वापर सोळाव्या शतकापासूनचा आहे. आपण ज्याला 'काळी एक' म्हणतो ती पट्टी त्यांच्या हिशेबाने 'सी शार्प', म्हणजे 'पांढरी एक'च्या अर्धी पायरी वर.

आपल्या शास्त्रीय संगीतातही चढलेल्या मध्यमाला 'तीव्र' म्हणतात, आणि उतरलेल्या स्वरांना 'कोमल'. तिकडे धारदार आणि सपाट, इकडे तीव्र आणि कोमल. उंच आवाज कानाला टोचतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच असावा. गाणारा सुराच्या वर जाऊ लागला तर 'चढतोय' म्हणून त्याला थांबवतात, इंग्रजीत त्यालाही 'शार्प' गाणे म्हणतात. म्हणजे पोरगा शार्प असला तर बक्षीस आणि गाणे शार्प झाले तर बोलणी.

उपकेंद्रवाली ताई

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते आणि मला या धाग्यावर 'शार्प'पेक्षा 'अॅक्यूट' या शब्दाबद्दल बोलायचे आहे, कारण त्याचा अर्थ न कळल्यामुळे लोक नाहक घाबरतात. तालुक्याच्या दवाखान्यातून कागद घेऊन आलेली आई विचारते, 'ताई, पोराले अॅक्यूट गॅस्ट्रो झाला म्हन्ते, म्हन्जे लय वाढला का?' 'अॅक्यूट'चा वैद्यकातला अर्थ 'भयंकर' असा नसून 'अचानक सुरू झालेला आणि थोड्या काळाचा' असा आहे. त्याच्या उलट 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा. अॅक्यूट आजार साधा असू शकतो आणि गंभीरही. गॅस्ट्रोत धोका शरीरातले पाणी कमी होण्याचा असतो, म्हणून मी त्या आईला कागदावरच्या शब्दापेक्षा मुलाची लघवी, जीभ आणि डोळे पाहायला सांगते आणि ओआरएस सुरू करते.

हा शब्दही धारेचाच आहे, असे ऐकले आहे. वर्धेचे दादा, खुलासा करावा.

वर्धेचा वाचक

ताई, बरोबर ऐकले आहे. लॅटिन 'अकुएरे' म्हणजे पाजवणे, त्यावरून 'अकूतुस' म्हणजे पाजवलेला, आणि त्यावरून 'अॅक्यूट'. याचा धातू निराळा, 'अक' असा, आणि त्याचा अर्थ मात्र टोकदार असणे हा आहे. सुईला लॅटिनमध्ये 'अकुस' म्हणतात. धार आणि टोक यांचा जो भेद सरांनी काढला, तो इंग्रजीच्या पोटात दोन धातूंच्या रूपाने पूर्वीपासून आहे. बोलणाऱ्यांना तो जाणवत नाही, एवढेच.

या 'अक'चे गोत 'स्केर'इतकेच दांडगे आहे. इंग्रजी 'एज' म्हणजे कड, जुन्या इंग्रजीत 'एज्'चा एक अर्थ तलवार असाही होता. ग्रीक 'अक्रोस' म्हणजे टोकावरचा, त्यावरून टोकावर वसलेले नगर ते 'अक्रोपोलिस' आणि चवड्यांवर चालणारा तो 'अॅक्रोबॅट'. 'आंबट' आणि 'टोकदार' यांना ग्रीकमध्ये एकच शब्द होता, 'ऑक्सिस'. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1777 मध्ये एका वायूला, तो सर्व आम्लांत असतो अशा समजुतीने, या शब्दावरून नाव दिले, ते म्हणजे 'ऑक्सिजन', आम्ल निर्माण करणारा. समजूत टिकली नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. नाव टिकले, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते वस्तीवस्तीत पोचले.

संस्कृतमध्ये याच धातूवरचा शब्द 'अश्रि', म्हणजे कड किंवा कोपरा. ज्याला चार अश्रि आहेत ते 'चतुरश्र'. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या मापांसाठी हा शब्द येतो, आणि प्राकृतातून मराठीत उतरताना त्याचा 'चौरस' झाला. भूमितीच्या तासाला सरांना आणखी एक गोष्ट सांगता येईल: इंग्रजीने नव्वद अंशांहून लहान कोनाला 'अॅक्यूट' म्हणजे पाजवलेला आणि मोठ्याला 'ऑब्ट्यूज' म्हणजे बोथट म्हटले, तर मराठीने धारेकडे न पाहता आकाराकडे पाहिले आणि 'लघुकोन' व 'विशालकोन' अशी नावे ठेवली.

शेवटी या कुळातले शेंडेफळ. 'अॅक्यूट'चा आरंभीचा 'अ' गाळून अठराव्या शतकात 'क्यूट' असा शब्द झाला आणि त्याचा अर्थ 'चलाख, धूर्त' असा होता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तो 'गोंडस' या अर्थाकडे वळला. बारशाच्या फोटोखाली गावभर लोक 'सो क्यूट' लिहितात, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते त्या बाळाला पाजवलेला विळा म्हणत असतात.

चुलीवरचं

माझा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण'वरून आला, हे शाळेत शिकले होते. मग इंग्रजीत सावजी रश्श्याला 'शार्प' का म्हणत नाहीत, 'हॉट' का म्हणतात? भिवापुरी मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर जे होते त्याला धार म्हणणेच मला योग्य वाटते.

तिफणवाला

ताई, सावजीची धार जिभेवर कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त कळते.

वर्धेचा वाचक

'शार्प' चवीलाही लावतात, पण आंबट आणि झणझणीत चवीला. मुरलेले चीज 'शार्प' असते. मिरची मात्र 'हॉट'. आणि इथे शरीर इंग्रजीच्या बाजूने साक्ष देते. मिरचीतले कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या 'रिसेप्टर'ला) चिकटते तो ग्राहक मुळात सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता ओळखण्यासाठी असतो. हा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये लावला आणि त्यासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर मेंदूला 'भाजले' हाच निरोप जातो. आपला 'तिखट' हा शब्द मात्र मिरचीच्या कितीतरी आधीचा आहे. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली, त्यापूर्वी तिखटपणाचे काम मिरे, सुंठ आणि पिंपळी करीत.

'तीक्ष्ण'बद्दल बोलतोच आहोत तर त्याचे मूळही पाहू. संस्कृत धातू 'तिज्' म्हणजे पाजवणे. त्यावरून 'तीक्ष्ण' आणि 'तेज'. संस्कृतमध्ये 'तेजस्'चा एक अर्थ शस्त्राची धार किंवा ज्योतीचे टोक असा आहे, प्रकाश हा त्याचा विस्तार. आपल्याकडे 'गाडी तेज चालवतो' म्हणतात तो 'तेज' फारसीतून आला, पण तो याच घरचा, आणि 'मोठा तीर मारला' मधला फारसी 'तीर'ही. 'तितिक्षा' म्हणजे सहनशीलता, हाही शब्द 'तिज्'वरूनच होतो. पाणिनीने एका सूत्रात या धातूसाठी तशी सोय केली आहे. धारेपासून सहनशीलतेपर्यंत हा शब्द कसा गेला याचा विचार लग्नाला तीस वर्षे झालेल्यांनी करावा.

युरोपात हाच धातू आरंभी 'स' घेऊन टोचण्याच्या अर्थाने राहिला. टोचायची ती 'स्टिक', टोचून शिवायचे ते 'स्टिच'. टोचून किंवा चिकटवून लावलेल्या चिठ्ठीला जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्तिकेत' म्हणत; तिथून इंग्रजीत 'टिकेट' आले आणि एसटीच्या कंडक्टरने ते 'तिकीट' म्हणून आपल्या हातात दिले.

पैनगंगाकाठ

मग परीक्षेत 'शार्प नीडल'ला काय लिहावे, हे मी ठरवले आहे: टोकदार सुई, धारदार सुरी, तल्लख बुद्धी, आणि वेळेसाठी 'ठीक दहा वाजता'. 'तीक्ष्ण' सुई आणि सुरी दोन्हींना चालतो, म्हणून तो लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण.

एक शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारला आहे. तिच्या वडिलांच्या कृषी केंद्रातल्या कॅल्क्युलेटरवर 'शार्प' लिहिले आहे. ते हुशारीमुळे का?

वर्धेचा वाचक

नाही, पेन्सिलीमुळे. तोकुजी हायाकावा यांनी 1912 मध्ये टोकियोत धातूकामाचा छोटा कारखाना काढला आणि 1915 मध्ये आतली शिशाची कांडी फिरवून पुढे सरकवता येईल अशी पेन्सिल बाजारात आणली. तिला तासावे लागत नसे, टोक कायम राही, म्हणून तिचे नाव 'एव्हर-रेडी शार्प' असे ठेवले. पुढे कारखाना रेडिओ, दूरचित्रवाणी संच आणि कॅल्क्युलेटर बनवू लागला आणि 1970 मध्ये कंपनीनेच 'शार्प' हे नाव घेतले. जपानमध्ये अशा पेन्सिलीला आजही 'शार्प पेन्सिल' असेच म्हणतात. त्या मुलीला सांगा, तिच्या दप्तरातल्या 'शॉपनर'चे काम संपवणाऱ्या पेन्सिलीचे नाव तिच्या वडिलांच्या कॅल्क्युलेटरवर आहे.